पाठमोरं दार

मामाने आयुष्यभर दारं केली. कपाटं आणि पलंग केले नाहीत असं नाही, पण ते कुणाचं मन मोडवेना म्हणून. बाकीचं सामान एकदा ठेवलं की पडून राहतं, दार तेवढं राबतं, असं तो म्हणायचा. कुणी दार सांगायला आलं की तो आधी त्या घरासमोर रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. वारा कुठून येतो, झड कुठल्या अंगाने लागते, घरातली माणसं दार हळूच लोटतात की आपटतात, हे सगळं बघून झालं की मग माप. दाराचा पल्ला तयार झाला की काच बसवायच्या खाचेत, पुढे जिथे काच धरणारी पट्टी ठोकल्यावर काही दिसणार नाही अशा जागी, तो पेन्सिलीने लिहायचा, 'आत'. म्हणजे दाराचं हे अंग घरातलं. पाऊस सोसायचं ते दुसरं. घरमालकाला ते अक्षर कधी दिसायचं नाही.

मामी टपाल वाटायची. खांद्याला पिशवी, पायात जाड तळाचे बूट, आणि दिवसभर चालणं. तिचा जन्म लोकांच्या दाराबाहेर गेला असं ती स्वतःच हसून सांगायची. मामाची दारं ती बाहेरून ओळखायची आणि घरी आल्यावर त्याला बातम्या द्यायची. "दंतवैद्यांचं दार खाली टेकायला लागलंय बरं का. सकाळी उघडताना किंचाळलं. आधी मला वाटलं पेशंट असेल." दुसऱ्या दिवशी मामा रंधा घेऊन दंतवैद्यांकडे हजर. बोलावणं नसताना सुतार कसा आला याचं त्यांना नवल वाटायचं.

त्यांना मूल नव्हतं. माझी आई मामाची धाकटी बहीण, त्यामुळे त्या घरात लाड करून घ्यायला मीच. मामीने मला पत्ते वाचायला शिकवले, मामाने खिळा सरळ ठोकायला. खिळा मला अजून नीट ठोकता येत नाही.

मामीची नोकरी संपायला थोडाच काळ राहिला होता तेव्हा तिला झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड किंचित वाकडं झालं, पण बोलणं थोड्याच दिवसांत परत आलं, आणि होतं तसंच आलं. "देवाने बरोबर ओळखलं," मामा म्हणाला. "हिची जीभ घेतली असती तर हिने त्याला तिथे जाऊन सोडलं नसतं."

पाय मात्र आला नाही.

त्यांचं घर रस्त्याला लागूनच. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि वर जायला अरुंद जिना. मामीला रोज जिना चढवणं-उतरवणं शक्य नव्हतं. म्हणून पलंग खाली पुढच्या खोलीत आला. पुढचं दार मामाने लग्नानंतर स्वतःसाठी केलेलं, वरच्या अर्ध्या भागात मोठी काच असलेलं. दवाखान्यातून मामी घरी यायची त्याच्या आदल्या दिवशी चाकांची खुर्ची आली. मामाने ती ढकलत दारापाशी नेली आणि तिथेच थांबला. दार आत उघडायचं, आणि आता ते पलंगाच्या पायाला अडत होतं. अर्ध्या फटीतून माणूस अंग चोरून जाईल, खुर्ची जाणार नव्हती. पलंग सरकवायला दुसरीकडे जागा नव्हती. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची वाट. लोकांच्या घरी जाऊन रस्त्यावर उभा राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात पलंग, खुर्ची आणि दार एकत्र मोजलंच नव्हतं.

त्याने त्या दुपारी काय केलं, तर दार चौकटीसकट भिंतीतून काढलं, पाठमोरं केलं आणि पुन्हा बसवलं. आत उघडणारं दार बाहेर उघडू लागलं. पायरीवर लाकडी उतार ठोकला. दुसऱ्या दिवशी मामीची खुर्ची सरळ आत आली.

"दार बाहेर उघडतं?" मामीने विचारलं.

"हो. तुझ्यासाठी."

"टपालवालीच्या नाकावर आपटेल."

"टपालवाली घरात आहे."

मामी हसली. वाकड्या तोंडाने हसायची सवय तिला अजून व्हायची होती, म्हणून लगेच तिने डावा हात तोंडावर धरला.

मग रोज संध्याकाळी ते दोघं बाहेर जाऊ लागले. रस्त्याच्या वळणापर्यंत, बरं वाटत असलं तर वळणाच्याही पुढे, तिच्या जुन्या वाटेवर. ती खुर्चीत बसून बोटाने दारं दाखवायची आणि आतल्या माणसांची माहिती द्यायची. इथल्या आजोबांना कुणाचं पत्र येत नाही, ते फक्त बिल घ्यायला दारात उभे असतात. या घरातला कुत्रा चांगला आहे, माणूस चावतो. मामा मागून खुर्ची ढकलत म्हणायचा, पुढच्या वर्षी इथून आपण चालत जाऊ. मामी मान हलवायची. बाकीचा दिवस ती पलंगावर पडून असायची ती त्या एका फेरीसाठी. सकाळी अंग पुसून घेताना कुरकुर नाही, औषधाला नाही म्हणणं नाही. दुपार कलली की, "अहो, माझे बूट." चालायचं नसताना ती बूट घालायची, तेच जाड तळाचे. मामा खाली बसून नाड्या बांधायचा.

नंतर पाऊस सुरू झाला, आणि थांबेचना.

दाराच्या काचेखाली आतल्या बाजूने एक ओली रेघ दिसू लागली. मामाने ती बोटाने पुसली आणि बोट विजारीला पुसलं. दुसऱ्या दिवशी रेघ परत. मग रेघेतून थेंब, थेंबांची ओळ, आणि दारामागे फरशीवर तळं. फरशीचा उतार पलंगाकडे होता.

एखाद्याला वाटेल, सुताराच्या घरात एवढं काय अवघड! मामाने काचेला लावायची लांबी मळली आणि कडेने अंगठ्याने दाबत भरली. दोन दिवस बरे गेले. मग भेगा पडून पाणी आलं. त्याने दुकानातून सिलिकॉनची नळी आणली, जिला तो एरवी सुतारकामातली टूथपेस्ट म्हणायचा, आणि बाहेरून पट्टीच्या चारी बाजूंनी फिरवली. तरी ओल येतेच म्हटल्यावर त्याने आतूनही फिरवली. पाणी जिथे दिसतं तिथेच बुजवून टाकलं. ही गोष्ट त्याने दुसऱ्या कुणाच्या दाराला कधीच केली नसती. बाहेरून आत शिरलेलं पाणी आतूनही कोंडलं की ते लाकडात राहतं. काही दिवस दार कोरडं दिसलं. मामाने फरशी पुसली, पलंगाखाली वर्तमानपत्रं पसरली, आणि मामीला सांगितलं, "झालं बघ. मिटलं."

मग काचेखालचं लाकूड फुगलं. रंगाला फोड आले. एका दुपारी लाकडाच्या सांध्यातून तपकिरी पाणी वाहायला लागलं, आधीपेक्षा जास्त, आणि खोलीभर कुजक्या पानांसारखा वास पसरला. त्याच सुमाराला मामी खोकायला लागली.

दारावर आडवा पत्रा ठोकून झाला, तो वाऱ्याने वाकला. झड सरळ दारावरच यायची. मामा टॉवेल लावायचा, पिळायचा, पुन्हा लावायचा. मी गेले की तो माझ्याशी दाराबद्दल सोडून सगळ्यावर बोलायचा.

आठवड्यातून एकदा मामीला बघायला नर्सबाई यायच्या. त्यांनी मामीच्या पाठीला नळी लावून ऐकलं, पलंगाखालची ओली वर्तमानपत्रं बघितली आणि मामाला बाजूला न घेता तिथेच सांगितलं, "हे छातीत उतरतंय. पडून असलेल्या माणसाचा खोकला लवकर निघत नाही. काका, खोली कोरडी करा, नाहीतर यांना दुसरीकडे ठेवा."

"दुसरीकडे कुठे?"

"वर खोल्या आहेत ना?"

"वर नेलं तर खाली कशी आणू?"

नर्सबाईंनी जिन्याकडे बघितलं. "मग खोली कोरडी करा," त्या म्हणाल्या.

मामाचा एक मित्र होता, काचा बसवणारा. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे सगळे त्याला भिंग म्हणायचे, त्याच्या बायकोसकट. मामाने केलेल्या दारांना काच भिंगाचीच. एवढं पाणी घरात येत असताना मामाने त्याला एकदाही बोलावलं नव्हतं. शेवटी मामीनेच डाव्या हाताने फोन लावला. "भावजी, तुमच्या मित्राला पोहायला शिकवायचंय. या."

भिंग आला. पाऊस थोडा उघडला होता. त्याने दाराकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, सिलिकॉनच्या वळकट्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "सुतारा, हे तू केलंस? मला वाटलं केक आणलास."

"चहा घेणार का?" मामा म्हणाला.

"आधी पाणी."

त्याने बादली आणि तांब्या मागून घेतला. मामाला कोरडं फडकं देऊन आत बसवलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला. गळती शोधायची तर पाणी खालून ओतत वर जायचं. वरून ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. भिंगाने पहिला तांब्या अगदी तळाच्या लाकडावर ओतला.

"आलं?"

"नाही."

मग थोडं वर, काचेच्या खालच्या पट्टीवर.

"आलं?"

मामाने फडक्याची घडी बदलली.

"अरे आलं का?"

"आलं! आलं की!" पलंगावरून मामी ओरडली. "मला इथून दिसतंय. हे फडकं धरून बसलेत नुसते."

"वहिनी, दिसत नसेल त्याला. माझा चष्मा देऊ का?"

"तुमच्या चष्म्यातून त्यांना पूर दिसेल."

तिघंही हसले. मामीचं हसणं खोकल्यात गेलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. मामा उठून तिची पाठ चोळायला गेला. तोवर बाहेर भिंगाने पटाशी काढली आणि खालची पट्टी उचकटली. आतलं कोंडलेलं पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. त्याने पटाशीचं टोक लाकडाला लावलं तर ते दाबल्याशिवाय आत गेलं. मग तो वाकला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि उघड्या पडलेल्या खाचेत डोळा घातला.

"सुतारा, हे 'आत' बाहेर काय करतंय?"

"हळू बोल," मामा दाराशी येत म्हणाला.

"हळू काय? हे तुझंच अक्षर ना? अरे, घरातली बाजू रस्त्याला केलीस तू! या पट्ट्यांच्या मागे लांबीचा थर नाही, पाणी उतरायला उतार नाही. असणार कसा, या आतल्या पट्ट्या! काचेवरून आलेला थेंब न् थेंब त्यांच्या मागे उतरणार. दुसऱ्या कुणी असं दार लावलं असतं तर तू त्याला त्याच्या घरापर्यंत शिव्या देत गेला असतास. तुला कळलं नाही?"

मामा उचकटलेली पट्टी उचलायला वाकला. आतून मामीचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"माझ्या खुर्चीपायी, होय?"

भिंगाने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. त्याला दारं कळत होती, पण हे दार कधी आणि कशासाठी फिरवलं ते त्याच्या डोक्यात आत्ता शिरत होतं.

"तसं नाही वहिनी," तो म्हणाला. "लाकूडच जुनं."

"भावजी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तुम्ही काचच बसवा."

मग उपाय काय, हे बोलणं झालं. पट्ट्या नव्या करून लांबीवर बसवता आल्या असत्या, पण ज्या लाकडाला खिळे मारायचे तेच या बाजूने गेलं होतं. दुसऱ्या अंगाचं लाकूड अजून खणखणीत होतं. नवा पल्ला करायचा तर अशा हवेत कोरडं लाकूड कुठून आणणार, ओल्या लाकडाचं दार महिन्याभरात वाकडं होतं. आणि मामाची बोटं सुजलेली असायची. पूर्ण दार त्याने गेली कित्येक वर्षं केलं नव्हतं. ही शेवटची गोष्ट कुणी बोललं नाही.

"चौकटीसकट काढ आणि सरळ कर," भिंग म्हणाला. "एका सकाळचं काम. खोली कोरडी होईल."

"आणि खुर्ची?"

भिंगाने पलंगाच्या पायाकडे बघितलं. "पाऊस संपला की पुन्हा फिरवता..." असं म्हणत त्याने चौकटीच्या बुडाला पटाशी लावून बघितली आणि वाक्य तसंच सोडलं. "नाही. ही आणखी एकदाच निघेल. त्यानंतर काढायला गेलास तर हातात येईल. सरळ केलीस की सिमेंटने पक्की भरून टाक."

तो गेल्यावर दारातून पाणी ठिबकत राहिलं. पट्टी काढल्यावर ते आणखीच मोकळं झालं होतं. पुढचं बोलणं मामाने मला नंतर कधीतरी सांगितलं, एकदाच, आणि ते सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?" मामीने विचारलं.

"फिरवलं तेव्हाच."

"मग तेव्हाच पट्ट्या नीट का नाही बसवल्या?"

"दुसऱ्या दिवशी तू येणार होतीस. वेळ कुठे होता?"

"त्या दिवशी नव्हता. नंतर? अख्खा उन्हाळा गेला."

मामा फडकं पिळत राहिला. पिळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "पावसाच्या आधी तू चालायला लागशील. मग दार सरळच करायचं होतं. थोड्या दिवसांसाठी कशाला पट्ट्या बदलायच्या?"

मामी छताकडे बघत होती. "मला डॉक्टरांनी दवाखान्यातच सांगितलं होतं."

"काय?"

"चालणार नाही म्हणून."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही रोज खुर्ची ढकलताना म्हणायचात ना, पुढच्या वर्षी इथून चालत जाऊ. बरं वाटायचं ऐकायला. म्हटलं, म्हणू दे."

मामाने दार फिरवलं नाही. आणखी आठवडाभर त्याने टॉवेल पिळले. पलंगाच्या चारी पायांखाली विटा लावल्या. स्वयंपाकघरातली शेगडी पुढच्या खोलीत आणून पेटवली, तर धुराने मामीचा जीव कासावीस झाला. भिंतीला खालून काळी बुरशी चढायला लागली. नर्सबाई पुन्हा आल्या, नळी लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिल्या, आणि या खेपेला त्यांनी मामाला बाजूला घेतलं. त्या गेल्यावर मामीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. औषध वाढवलंय."

"अहो, दार फिरवा."

"फिरवलं की खुर्ची जायची नाही."

"मला माहीत आहे."

"उन्हाळ्यात मी नवं दार करीन. बाहेर उघडणारं. नीट करीन, पट्ट्याबिट्ट्या सगळं."

"करा की."

"खरंच करीन."

"मी कुठे नाही म्हणतेय? पण आत्ता हे फिरवा. मला रात्रभर दम लागतो. तुम्हाला झोप लागली असं वाटतं तेव्हा मी तोंडात पदर कोंबून खोकते." ती थांबली, दम घेतला. "आणि रोज नाही निघायच्या, पण मला न्यायची वेळ आली की बिजागऱ्या काढा, म्हणजे वाट मोठी होईल. तेवढं जमेल ना? दारांचा माणूस म्हणवता स्वतःला."

"काय बोलतेस अगं!"

"मग काय गाऊ?"

ढग जरा वर गेले अशी एक सकाळ बघून भिंग हत्यारं घेऊन आला. दोघांनी मिळून चौकट सोडवली. भिंग म्हणाला होता तसंच तिच्या पायाचे तुकडे भिंतीत राहिले. दार चौकटीसकट रस्त्यावर भिंतीला टेकवलं, तेव्हा घराच्या पुढच्या अंगाला नुसतं भगदाड उरलं, आणि मामीला पलंगावरून अख्खा रस्ता दिसायला लागला. येणारेजाणारे तिच्याकडे बघायचे, आणि ओशाळून दुसरीकडे बघायचे.

"चौकटीला नवे पाय जोडायला मला तासभर लागेल," भिंग म्हणाला. "तू इथे लुडबुडू नकोस." एवढं बोलून तो पाठ करून कामाला लागला.

मामाला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने कोपऱ्यातून खुर्ची ओढली.

"चल," तो मामीला म्हणाला. "वळणापर्यंत."

"गार वारा आहे."

"शाल घे."

त्याने तिला उचलून खुर्चीत बसवलं, शाल गुंडाळली, आणि बूट घालायला खाली बसला. "राहू द्या," ती म्हणाली, पण पाय मागे घेतला नाही. उजवा तिला घेताही आला नसता. भगदाडातून ते दोघं बाहेर पडले. रस्त्यावर पाण्याची डबकी होती आणि मामा ती चुकवत चालला होता. ओळखीचे दोघंतिघं भेटले, 'बऱ्याच दिवसांनी!' म्हणाले, मामीने मान हलवली. एकाही दाराकडे तिने बोट केलं नाही. मामा वाट बघत होता. शेवटी त्यानेच विचारलं, "हे कुणाचं गं? माणूस चावतो तेच ना?"

"कुत्रा गेला त्यांचा," मामी म्हणाली. "मी दवाखान्यात असताना गेला. तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही दरवेळी हसायचात."

वळणावर ती थोडा वेळ बसली. पुढे तिची वाट उतरत गेली होती, दोन्ही बाजूंना घरं. मामाने खुर्ची पुढे लोटायला हात लावला तर तिने डावा हात वर केला.

"परत चला. भावजी खोळंबतील."

दुपारपर्यंत दार सरळ झालं. भिंगाने रस्त्याच्या बाजूने काचेला लांबीचा जाड थर दिला आणि कडा अशा ओढल्या की पाणी बाहेरच घसरेल. कुजलेल्या लाकडाच्या बाजूला, जी आता घरात आली होती, नव्या पट्ट्या पातळ ठोकळ्यांच्या आधाराने बसवल्या. चौकटीच्या फटीत सिमेंट मात्र भरलं नाही. नुसत्या लाकडी पाचरी मारल्या, म्हणजे चौकट न मोडता अजून निघाली असती. जाताना तो मामाला म्हणाला, "एक चांगला पाऊस बघ. थेंब जरी आला तरी समज दोष दुसरीकडे आहे, मग फिरवण्यात काही हशील नाही. पाचरी काढ, आपण परत होतं तसं करू, निदान वहिनींना बाहेर तरी नेता येईल. नाही आला, तर भरून टाक."

मामाने सिमेंटची पिशवी जिन्याखाली ठेवली.

पुढचे दोन दिवस पावसाने नुसती हुलकावणी दिली. तिसऱ्या दुपारी मी मामीसाठी दूध घेऊन गेले. अंग चोरून दाराच्या फटीतून आत शिरले, माझ्या पिशवीचा बंद पलंगाला अडकला. मी दूध गरम करत होते तेवढ्यात आभाळ काळं झालं आणि पाऊस आला. वाऱ्यासकट आला. काचेवर असा आपटू लागला की पलीकडचा रस्ता दिसेना.

मामा दारापाशी खाली बसला. मामीने मला उशी उंच करायला सांगितली.

काचेवरून पाणी लोटत होतं, खालच्या कडेवर येऊन बाहेर उडत होतं. मामाने काचेखालच्या पट्टीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग सांध्यांवरून. मग चौकटीच्या दोन्ही अंगांनी खालपर्यंत, पाचरींच्या मधून.

"आलं का?" मामीने विचारलं.

"नाही."

"नीट बघा."

त्याने डोळे बारीक केले. फडक्याऐवजी कागदाचा कपटा घेतला, कारण कागदावर ओल लगेच उमटते. तो पट्टीच्या कडेने घालून हळूहळू सरकवत नेला. बाहेर पाऊस होता तसाच होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि दूध उतू जातंय हे मला वासावरून कळलं, तरी हलले नाही. त्या क्षणी मला त्या काचेखाली एक थेंब हवा होता. मामाच्या पाठीकडे बघून वाटत होतं, त्यालाही हवा होता. आपण केलेल्या कामातून पाणी यावं असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटत असेल.

त्याने कपटा उजेडाकडे धरला. कागद पांढरा होता.

"कोपऱ्यात बघितलंत?" मामी म्हणाली. "डावीकडच्या. तिथून यायचं आधी."

"बघितलं."

"परत एकदा बघा ना."

तो परत वाकला. गुडघा फरशीवर टेकवून, गाल जवळजवळ लाकडाला लावून त्याने कोपरा बघितला. खूप वेळ बघितला. उठताना त्याने चौकटीचा आधार घेतला आणि पाचर कुरकुरली, तेव्हा तो हात भाजल्यासारखा मागे घेतला.

"कोरडं आहे गं," तो म्हणाला.

मामीने डोळे मिटले. तिला खोकला आला, आधीपेक्षा हलका, कोरडा. दोन दिवसांत फरक पडला होता, नाही म्हणायला जागा नव्हती. मग डोळे न उघडताच ती म्हणाली, "मग भरून टाका."

"पाऊस थांबू दे."

"आतून भरायचंय ना? आतून भरायला पाऊस कशाला थांबायला हवा?"

मामाने जिन्याखालून पिशवी काढली. घमेल्यात सिमेंट ओतलं, वाळू घातली, आणि पाणी घालून थापीने कालवू लागला. मी हात पुढे केला तर त्याने मान हलवली. पाणी जास्त झालं, पुन्हा सिमेंट घातलं, ते जास्त झालं, पुन्हा पाणी. ज्या माणसाने आयुष्यभर चौकटी भरल्या त्याला घमेलाभर सिमेंट कालवता येत नव्हतं.

"अहो," मामी म्हणाली.

"हं."

"घट्ट कालवा. पातळ झालं की तडकतं."

मामाने पहिली थापी बिजागरीच्या बाजूच्या फटीत दाबली.